कच्छच्या खडकांतली बिळे : भुजहून एका दिवसाची सहल

या सहलीत जुरासिक काळातील उथळ समुद्राचे थर दाखवतात. आमच्या मार्गदर्शकाने अमोनाइटपेक्षा (चक्राकार शंख असलेले, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) बिळांच्या जीवाश्मांना अधिक वेळ दिला, हे मला विशेष आवडले. वालुकाश्मावर इंग्रजी वायसारखे फाटे फुटलेले, अंगठ्याएवढ्या जाडीचे थॅलासिनॉइडिसचे (अशा जीवाश्म बिळांना दिलेले नाव) जाळे त्यांनी पाणी शिंपडताच लख्ख उठून आले. शिंपला लाटांबरोबर दूरवरून वाहत येऊ शकतो, बीळ मात्र खणले तिथेच राहते. त्यामुळे शरीराचा मागमूस नसला तरी बहुधा कोळंबीसारखा एखादा प्राणी याच तळावर वावरला, असे म्हणता येते. जेवण सुमार होते. दुपारी बाराच्या उन्हात नेणे ही मात्र खरी चूक, कारण उंचसखल खुणा तिरप्या उन्हातच नीट दिसतात.