पोटावरच्या रेषा: क्रीम, सुया, लेझर की सरळ थांबायचं?

माझ्या धाकट्या जावेला बाळ होऊन पाच महिने झालेत. परवा तिनं मोबाईलवर पोटावरच्या रेषांचं, म्हणजे स्ट्रेच मार्क्सचं, एक पॅकेज दाखवलं, सहा लेझर सिटिंग, आत्ता पैसे भरले तर डिस्काउंट, आणि विचारलं "ताई, घेऊ का?" मी म्हटलं दोन दिवस थांब, आणि माझ्या दोन बाळंतपणांत स्किनच्या डॉक्टरांकडून जे कळलं, वाचलं, ते सगळं तिच्यासमोर मांडलं. तेच इथं लिहितेय कारण सोलापुरात हा प्रश्न घरोघरी आहे आणि बायका लाजेनं विचारत नाहीत.

सगळ्यात आधी रंग बघायचा. रेषा लाल, गुलाबी, जांभळट असतील तर त्या नव्या, आत अजून दुरुस्ती चालू असते, म्हणून उपायाला दाद देतात. पांढऱ्या, चंदेरी, बोट फिरवलं की किंचित खोल लागणाऱ्या म्हणजे जुन्या, त्यांना क्रीम लावून फार काही होत नाही. दोन्हीत एक गोष्ट सारखी, पूर्ण पुसून कुठलाच उपाय देत नाही. कातडीच्या आतल्या थरातलं कोलॅजन आणि इलास्टिन तुटलेलं असतं, चादरीचे आतले धागे तुटल्यासारखं, वरून कितीही चोळलं तरी ते परत विणले जात नाहीत. रेषा फिक्या होतात, सपाट होतात, इतकंच. "गॅरंटी, शंभर टक्के जातील" असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या.

आता तेल. ऑलिव्ह, कोको बटर यांच्या चाचण्या झाल्यात आणि रेषा येणं थांबत नाही असंच दिसलंय. पण मालीश करणाऱ्या मावशींना नाही म्हणू नका, खाज कमी होते, कातडी मऊ राहते, बाळंतिणीला बरं वाटतं, फक्त त्या तेलाच्या नावाखाली महागडी बाटली घेऊ नका, घरातलं खोबरेल पुरे.

क्रीममध्ये खरा पुरावा आहे तो ट्रेटिनॉईनचा (व्हिटॅमिन ए च्या जातीतलं औषध), तोही नव्या लाल रेषांवर. १९९६ च्या एका अभ्यासात ०.१ टक्क्याचं क्रीम २४ आठवडे रोज लावल्यावर रेषांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. म्हणजे सहा महिने नेमानं लावून एवढा फरक. सगळ्यात स्वस्त रस्ता हाच, पण कातडी लाल होते, सोलते, उन्हाला नाजूक होते, आणि गरोदरपणात अजिबात लावायचं नाही, अंगावर दूध पाजत असाल तरी डॉक्टर बहुतेक नकोच म्हणतात. म्हणजे गंमत बघा, ज्या काळात रेषा लाल असतात त्याच काळात बऱ्याच जणींना हे क्रीम चालत नाही. माझ्या जावेचं नेमकं तेच झालंय.

जुन्या पांढऱ्या रेषांसाठी खरी तुलना सुया आणि लेझर यांची. मायक्रोनीडलिंगमध्ये बधिर करायचं क्रीम पाऊणएक तास लावून बारीक सुयांनी टोचतात, त्या जखमा भरताना नवीन कोलॅजन तयार होतं. साधारण तीन ते सहा सिटिंग, मध्ये महिन्याचं अंतर, दोनतीन दिवस लाली. फ्रॅक्शनल सीओटू लेझर तेच काम उष्णतेनं करतं पण खपल्या धरतात, पोटाची कातडी चेहऱ्यापेक्षा हळू भरते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगाला मोठा धोका हा की रेषा फिकी व्हायच्या ऐवजी तिथं काळा डाग पडतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. परिणामात दोघांचं बऱ्याच वेळा जवळजवळ सारखंच येतं, काळे डाग सुयांना कमी, म्हणून माझं स्पष्ट मत, सावळी कातडी असेल तर आधी सुया. लेझर घ्यायचंच असेल तर कुठलं मशीन, आपल्या रंगावर किती वेळा वापरलंय, आणि आधी छोट्या जागी टेस्ट करणार का, हे तिन्ही विचारा. लाल रेषांचं वेगळं लेझर असतं, पल्स्ड डाय, पण सावळ्या रंगाला तिथंही जपूनच. आणि घरी ऑनलाईन डर्मारोलर (सुयांचा छोटा रोलर) मागवून टोचू नका, पार्लरमध्येही नको, इन्फेक्शन झालं तर रेषा राहिल्या बाजूला.

वेळ पण बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, घाम, दिवसभर कमरेला घट्ट परकराची नाडी, त्यात ताज्या जखमा. दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या आसपास दोनतीन सिटिंग झालेल्या बऱ्या. पुण्याला जाणार असाल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळी परत, हे एकदा जमतं, पण सहा वेळा तान्ह्या बाळाला घरी ठेवून? तो खर्च पॅकेजमध्ये कुणी धरत नाही. मेडिक्लेम पण याला सहसा मिळत नाही, हे सौंदर्याचं काम धरतात.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. मांडीत गजकर्ण झालं की मेडिकलमधून न विचारता ट्यूब आणायची आपल्याकडे सवयच आहे. बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉईड असतं आणि ते जांघेत महिनाभर लावलं की तिथंच मोठमोठ्या रेषा पडतात, माझ्या भाच्याला एकोणिसाव्या वर्षी पडल्या. अशा वेळी लेझरचा विचार नंतर, आधी ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे. आणि बाळंतपण नाही, वजन फार वाढलं नाही, तरी पोटावर रुंद जांभळ्या रेषा, चेहरा गोल सुजल्यासारखा, बीपी वाढलेलं असेल तर ते शरीरातल्या हार्मोनचं दुखणं असू शकतं, सिव्हिलला किंवा फिजिशियनला दाखवा.

जावेला मी शेवटी म्हटलं की तू आत्ता काहीच घेऊ नकोस. बाळंतपणाच्या रेषा सहा महिने ते वर्षात आपोआप बऱ्याच फिक्या होतात, बाळाचं दूध सुटलं की क्रीमचं बघू, तरी खुपत राहिलं तर हिवाळ्यात सुया. तोवर दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढायचा म्हणजे फरक कळतो. पहिला काल काढला, बाळ मध्येच हात घालत होतं.