कार्ड डोळ्यांसमोर बदललं, आणि मी बघतच होतो

एटीएमवर कार्ड बदलून माझ्या खात्यातले पैसे काढले, तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "लक्ष नव्हतं का तुमचं?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं, मेहुण्यांनी विचारलं, हमालांनीसुद्धा विचारलं. लक्ष होतं. चांगलं टक्क होतं. ते कुठं होतं आणि तिथं कुणी नेऊन बसवलं होतं, हे सांगायला लिहितोय. "आपल्याला कोण फसवतंय" असं म्हणणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

मी लातूरच्या मोंढ्यात अडतीवर मुनीम आहे. सोयाबीन सुरू झालं की दिवसभर पट्ट्या आणि नोटा. खोटी नोट मला बघावी लागत नाही, बोटालाच कळते. दुकानातली पोरं संशय आला की नोट माझ्याकडे आणतात.

ही गोष्ट येळवशीच्या आदल्या संध्याकाळची. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिव भागात सगळे शेतात जेवायला जातात. भज्जी, आंबील, उंडे. शहर ओस पडतं. त्यामुळे आदल्या दिवशी सगळ्यांनाच रोकड पाहिजे असते आणि सगळ्यांनाच एसटी गाठायची असते. एटीएमबाहेर रांग होती, आत माझ्या मागं दोघंतिघं घुसलेले. मशीननं माझं कार्ड एकदा परत दिलं.

"मामा, कार्ड उलटं घालायलाव की ओ. आणा इकडं," त्यातला एक जण म्हणाला.

दुसरा मागून म्हणाला, "आटपा लवकर, गाडी सुटायली." नेमका तेव्हाच घरून फोन वाजायला लागला. पहिल्यानं माझं कार्ड बाहीला पुसलं, मशीनमध्ये घातलं आणि "पिन टाका मामा" म्हणून सभ्य माणसासारखं तोंड वळवलं. तोंड फिरवलेल्या माणसाची भीती वाटत नाही. मागं उभा असलेला बघत होता. पडद्यावर व्यवहार झाला नाही असं आलं, पहिल्यानं कार्ड हातात दिलं, "दुसऱ्या मशीनवर जावा, यातले पैसे संपले असतील." दुसरं मशीन शोधायला वेळ नव्हता. शेजाऱ्याकडून उसने घेतले आणि गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी शेतात रेंज नाही. संध्याकाळी फाट्यावर आलो तेव्हा मेसेज एकामागून एक वाजायला लागले. आदल्या रात्री बारा वाजायच्या जरा आधी एकदा पैसे निघाले होते, बारा वाजून गेल्यावर लगेच परत. कार्डाची रोजची मर्यादा मध्यरात्री नव्यानं सुरू होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पोलिसांनी फुटेज दाखवलं. मला वाटलं होतं, पाठ फिरली तेव्हा बदललं असणार. तसं काहीच नव्हतं. माझ्या छातीसमोर, वीतभर अंतरावर झालं सगळं. मशीनमधून कार्ड बाहेर येतं, तो डाव्या हातानं घेतो, त्याच हातात रुमाल आहे. उजव्या हाताचं बोट पडद्याकडे करून काहीतरी म्हणतो. माझी मान त्या बोटामागं जाते आणि परत येते. तो कार्ड पुढं करतो. मी ते घेतो, खाली बघतो आणि खिशात टाकतो. खाली बघतो हे फुटेजमध्ये स्पष्ट दिसतं. हवालदारांनी दोनदा मागं नेऊन दाखवलं.

बँक तीच, रंग तोच, नाव मात्र भलत्याचंच. शिवाय माझ्या कार्डाचा कोपरा तडकलेला होता, त्यावर मी चिकटपट्टी लावली होती. या कार्डाला चिकटपट्टी नव्हती. नोटेच्या कागदातला फरक ओळखणाऱ्या बोटांना तेवढंसुद्धा कळलं नाही.

मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मला एक जुना व्हिडिओ लावून दिला : पांढऱ्या शर्टवाले चेंडूचे किती पास देतात ते मोजा. मोजणं म्हणजे माझा धंदाच. आकडा बरोबर सांगितला. मग ती म्हणाली, "बाबा, गोरिला दिसला का?" कसला गोरिला? व्हिडिओ परत लावला. गोरिलाच्या वेशातलं माणूस खेळणाऱ्यांच्या मधोमध येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी हार्वर्डमध्ये केलेला हा प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो गोरिला दिसलाच नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग तर थेट माझ्याच प्रकारचा. सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांचा. एक माणूस वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघे जण दरवाजाची फळी घेऊन त्यांच्या मधून जातात, आणि फळीआड विचारणारा माणूसच बदलतो. पुढं बोलतो तो दुसराच. निम्म्याच्या आसपास वाटसरू त्याला पत्ता सांगत राहिले. तिथं अख्खा माणूस बदलला, माझं तर प्लास्टिकचं कार्ड.

कुणी म्हणेल, ते रस्त्यावरचे लोक, जाणकाराचं तसं होणार नाही. 2013 साली अमेरिकेत 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या, आणि त्या चित्रांत गोरिलाचं चित्र घालून ठेवलं, गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 डॉक्टरांना ते दिसलं नाही. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावरून कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर त्या गोरिलावर थेट पडली होती. फुटेजमधली माझी खाली गेलेली मान मला तेव्हा समजली. नजर कार्डावर गेली होती. मनात मात्र "पैसे निघाले नाहीत, गाडी चुकतेय, घरून फोन येतोय" हेच चाललं होतं.

डोळ्याचं कामही आपण समजतो तसं नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला खरं ठळक दिसतं ते साधारण तेवढ्याच जागेतलं, दोनेक अंशांतलं. बाकीचं अंधूक. डोळे सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून जागा बदलतात आणि मेंदू तुकडे जोडून "सगळं दिसतंय" असं आपल्याला पटवतो. त्यात घाई किंवा भीती आली की लक्षाचा आवाका आणखी आकसतो. ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्येच हे मांडलं होतं. रात्री लाईट आल्यावर मोटर चालू करायला जाताना बॅटरीचा झोत पायापुढं असतो, बाकी रान काळोखात, तशी गत. पिस्तूल बघितलेल्या साक्षीदाराला पिस्तूल आठवतं, धरणाऱ्याचा चेहरा नीट आठवत नाही, यावरही 1987 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस यांनी प्रयोग केले. मलाही पडद्यावरची अक्षरं आठवतात. त्या पोराचा चेहरा आजही डोळ्यांपुढं येत नाही.

चोरांनी हे कुठं वाचलेलं नसतं, पण त्यांचा हात यावर बसलेला असतो. आपल्याकडचे बाकीचे प्रकार आठवून बघा. बँकेतून निघालेल्या माणसाला "तुमचे पैसे पडले" म्हणून पायाशी दहाच्या नोटा टाकायच्या आणि गाडीला लावलेली पिशवी उचलायची. शर्टावर घाण टाकायची आणि पुसायला पाणीही आपणच द्यायचं. "पुढं चेकिंग चालू आहे, मावशी, दागिने काढून रुमालात ठेवा" म्हणणारे तोतया पोलीस. घरी जाऊन पुडी सोडली की खडे. पेट्रोल भरताना एक जण कार्ड की रोख म्हणून बोलत राहतो आणि मीटर शून्यावरून सुरू झालं का, ते राहूनच जातं. मोबाईलवरची 'डिजिटल अटक' म्हणजे तेच मोठ्या प्रमाणावर : पडद्यावर वर्दी, कानात धमकी, फोन ठेवायचा नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही. कायद्यात असली अटकच नाही, पण तासन्‌तास पडद्याला खिळलेल्या माणसाला ते आठवायला सवड कोण देतंय?

म्हणून "सावध राहा" या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. ऐन वेळी सावध राहायला लागणारी गोष्टच तर ते आधी काढून घेतात. जे ठरवायचं ते घरून निघतानाच ठरवा. माझं असं ठरलंय : कार्ड माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार नाही, तो वॉचमन असला तरी. कुणी "लवकर करा" म्हटलं की व्यवहार रद्द, कार्ड घेऊन बाहेर, रांगेत शेवटी. लोक वैतागतात, वैतागू देत. आता बहुतेक वेळा मी कार्ड नेतच नाही. बऱ्याच मशीनवर यूपीआयचा कोड स्कॅन करून पैसे निघतात. आणि 'रद्द बटण दोनदा दाबलं की पिन चोरता येत नाही', 'पिन उलटा टाकला की पोलीस येतात' हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं खोटं आहे, त्यावर विसंबू नका.

पैसे गेलेच, तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर लावा, आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकानं स्वतः पिन उघड केला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणून ती वेळ पैशाइतकीच मोलाची. माझ्या बँकेनं यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्यावर बोट ठेवून हात वर केले. पिन मी उघड केला नाही, तो पाठीमागून बघितला गेला, हे माझं म्हणणं. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेल्या उत्तरानं समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलोय, निकाल बाकी आहे.

हातात आलेलं परकं कार्ड रागानं मोडू नका, टाकू नका, पोलिसांकडे द्या. माझ्याकडे आलेल्या कार्डावरून पोलिसांना त्याचा मालक सापडला, परभणीकडचा शेतकरी. त्याचेही पैसे असेच गेले होते. त्यानं कार्ड बंद केलं, पण लाजेपोटी पोलिसांत गेलाच नाही. त्याच्या हातात ज्याचं कार्ड आलं होतं ते त्यानं चुलीत घातलं होतं, त्यामुळे त्याच्या मागचा माणूस कोण हे पोलिसांना कळायला आता मार्ग नाही.