दहा महिन्यांनंतर: जुनी गाडी, उघडलेलं इंजिन आणि ग्राहक आयोग

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापूरच्या एका डीलरकडून २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, ३ लाख ६५ हजारांना. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. दोष त्या मॉडेलचा नव्हता, या एका गाडीचा होता.

मी गुहागरला शाळेत शिकवते. नवरा बोटीवर असतो. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावं लागतं, त्यासाठीच गाडी हवी होती. गाडी बघताना माझं सगळं लक्ष पुरावर. २२ जुलै २०२१ चं पुरात बुडालेलं चिपळूण आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे आपल्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस आधी तेच तपासतो. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का पाहिली, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, मॅट उचलून वास घेतला. सगळं स्वच्छ होतं. फसले ती दुसरीकडेच.

पहिले तीन आठवडे उत्तम गेले. सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ यायची, पण समुद्रकाठच्या दमट हवेत थोडी वाफ दिसतेच, म्हणून सोडून दिलं. कूलंटची बाटली आठवड्याभरात बोटभर उतरायची, खाली मात्र थेंब नाही. तेविसाव्या दिवशी बाबांना घेऊन जाताना रामपूरजवळच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. त्या दिवशी डायलिसिसला तीन तास उशीर झाला. तो दिवस मी विसरलेले नाही.

गॅरेजवाल्या दादांनी इंजिन थंड होऊ दिलं आणि मग झाकण उघडलं. कूलंटमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधली सील, गेलेलं. रेडिएटरमध्ये तपकिरी चिकट गाळ होता, गळती तात्पुरती थांबवायला टाकतात त्या पावडरीचा. सपाट रस्त्यावर, जवळपास जाऊन येण्यात हे कळत नाही. सलग चढावर इंजिनवर ताण आला की उघडं पडतं. कोल्हापुरात मला चार किलोमीटर सपाट रस्त्यावर फिरवलं होतं, आणि मी पोहोचले तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. जुनी गाडी थंड इंजिनवर सुरू करून बघायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दादा लगेच हेड उतरवायला निघाले होते. माझ्या चुलत दिरांनी फोनवर थांबवलं, आणि पुढचं सगळं त्या एका फोनमुळे टिकलं. ते म्हणाले, "वहिनी, आत्ता उघडलंत तर तो म्हणेल तुमच्या मेकॅनिकनेच बिघडवलं. आधी त्याला लेखी कळवा." तोवर डीलरशी फोनवर बोलले होते. उत्तर एकच: "मॅडम, जुनी गाडी आहे, पावतीवर जशी आहे तशी लिहिलंय, तुमची सही आहे."

मग मी ईमेल, व्हॉट्सअॅप आणि रजिस्टर्ड पोस्ट, तिन्हीकडून कळवलं: गाडी अमुक गॅरेजला उभी आहे, दहा दिवसांत येऊन तपासा, नाही आलात तर त्रयस्थ सर्व्हेअरसमोर इंजिन उघडू. कोणी आलं नाही. अकराव्या दिवशी सर्व्हेअरसमोर, मोबाइलवर चित्रीकरण करत हेड उतरवलं. हेड वाकलेलं, आणि गॅस्केटवर नुकताच लावलेला सीलंट. काढलेले भाग मी घरी बांधून ठेवले. पुढे तक्रार केली आणि ग्राहक आयोगाला वाटलं तर वस्तू तपासणीला पाठवता येते.

सगळ्यात मोठा पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मिळाला. आरसी माझ्या नावावर झालेली होती, म्हणून सर्व्हिस हिस्ट्री मागितली. डीलरने गाडी घेतल्यानंतरच्या जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, स्पष्ट लिहिलेलं: इंजिन तापतंय, हेड गॅस्केट बदलण्याचा सल्ला, ग्राहकाने काम नाकारलं. तो ग्राहक म्हणजे डीलरच. म्हणजे त्यांना माहीत होतं. ते वाचलं तेव्हा पैशापेक्षा जास्त राग आला तो याचा, की घ्यायला गेले तेव्हा बाबांच्या डायलिसिसबद्दल मी त्यांना सगळं सांगितलं होतं.

कायद्याचं जे समजलं ते असं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वापरलेल्या वस्तूंनाही लागू होतो, मात्र विकणारा व्यापारी असावा लागतो. जुन्या गाडीला झिजेचे दोष असणारच, ब्रेक पॅड किंवा क्लच गेला म्हणून भांडण्यात अर्थ नाही. पण माहीत असलेला दोष लपवून "इंजिन १०० टक्के ओके" अशी जाहिरात करणं वेगळं, आणि "जशी आहे तशी" वर सही केली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही. माझ्या मावसभावाने देवरुखच्या एका गृहस्थांकडून थेट त्यांची घरची गाडी घेतली होती. त्याला हा मार्ग मिळाला नाही. खोटं सांगितल्याचा दावा करार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात लावावा लागेल, असं वकिलांनी सांगितलं. डीलर दोन पैसे जास्त घेतो, पण हा फरक त्या पैशांत येतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं, तेही मागून बघा.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. डीलरने उत्तर दिलं, पैसे नाही. मग नोटीस, आणि फेब्रुवारीत ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. मुदत दोन वर्षांची. आणि मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कोल्हापूरला खेपा घालायच्या असत्या तर मी नाद सोडला असता. रत्नागिरीला मी दोनदा गेले, स्कूटर घेऊन तवसाळच्या फेरीबोटीने जयगडला उतरून.

डीलरच्या वकिलांनी उत्तर द्यायच्या ३० दिवसांवर आणखी १५ दिवसांची मुदत घेतली. जॉब कार्ड समोर आल्यावर सूर बदलला. आयोगाने मध्यस्थीबद्दल विचारलं, मी लेखी होकार दिला. जूनमध्ये तडजोड झाली: दुरुस्ती ४६,३००, टोइंग ४,५००, सर्व्हेअर ३,०००, आणि गाडी बंद होती त्या पाच आठवड्यांत डायलिसिससाठी केलेल्या भाड्याच्या गाडीचे २२,००० पैकी निम्मे. एकूण ६४,८००. भाड्याच्या पावत्या ठेवल्या म्हणून तेवढे तरी आले. मानसिक त्रासाची भरपाई सोडून दिली. लढले असते तर कदाचित मिळाली असती, पण बाबांच्या तब्येतीत मला आणखी तारखा नको होत्या. बरोबर केलं असंच अजूनही वाटतं.

आता गाडीबद्दल. हेड फेसिंग (वाकलेलं हेड सपाट करणं), नवं गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बदलल्यावर आठ महिने काटा मध्यावरून हललेला नाही. चिपळूणच्या फेऱ्यांत लिटरला साधारण १६ किलोमीटर. एसी चांगला, मागची सीट बाबांना उतरायला थोडी खोल पडते. खाऱ्या हवेने सायलेन्सरचा जोड गंजायला लागलाय, म्हणून दर पंधरवड्याला खालून गोड्या पाण्याने धुते. दर रविवारी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघते, बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवलीय.

आणखी दोन-तीन वर्षं ठेवायचा विचार आहे. विकेन तेव्हा हेडच्या कामाची पावती आणि ते जुनं जॉब कार्ड घेणाऱ्याच्या हातात आधी देईन, किंमत नंतर सांगेन.