कवटी, टाचणी की केसांची वेणी: कोणता छंद झेपेल?

विणकाम, भरतकाम, कागदकाम सगळं करून झालं आणि आता हाताला जरा काळोखं काही हवं, असं वाटणाऱ्यांपुढे पर्याय पुष्कळ आहेत: मेलेल्या प्राण्यात पेंढा भरणं, हाडं साफ करणं, किडे टाचणं, मृत्यूचे छोटे देखावे उभारणं, केसांचे दागिने गुंफणं. यातलं सगळ्यात किळसवाणं कोणतं, हे लोक आधी विचारतात. पण किळस आणि अस्वस्थता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे त्या बहुधा उलट्या चालतात. हात माखणाऱ्या कामाला मन लवकर सरावतं. स्वच्छ, नीटनेटक्या कामात ते जास्त अडकतं.

टॅक्सिडर्मीपासून, म्हणजे प्राण्यात पेंढा भरण्यापासून, सुरुवात करू, कारण नाव काढताच सगळ्यांना तीच आठवते. इंग्लंडमधल्या ब्रॅम्बर गावच्या वॉल्टर पॉटरने १८९० च्या सुमारास मांजराच्या पिल्लांना कपडे घालून त्यांचं अख्खं लग्न लावलं होतं. त्याचा संग्रह २००३ मध्ये लिलावात विखुरला. आज बहुतेक नवशिके उंदरापासून सुरुवात करतात. कातडी सोलायची, आतून खरवडायची, बोरॅक्स (टाकणखार) चोळायचा, फोमच्या साच्यावर चढवून शिवायची. रक्त वाटतं त्यापेक्षा फार कमी दिसतं. खरी परीक्षा चेहऱ्याची असते. पापण्या आणि ओठ केसभर सरकले, तर प्राणी दचकलेला किंवा चक्क खुळा दिसतो. शिवाय कातडी एकदा कुजायला लागून केस गळू लागले की तो तुकडा गेलाच. आणि काम सुरू होईपर्यंत प्राणी फ्रीझरमध्ये राहतो, तेव्हा घरच्यांना आधी विचारा. (मग नव्हे.)

जुना, तयार नमुना विकत घ्यायचा मोह होत असेल तर जपून. अठराव्या शतकात फ्रान्सच्या झाँ-बाप्तिस्त बेकूर याने कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण बनवला आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षं तो सर्रास वापरला गेला. जुन्या नमुन्यावरची धूळ उघड्या हाताने झटकू नये.

हाडांच्या कामात कौशल्य कमी, चिकाटी जास्त लागते. चुका बऱ्याचदा सावरता येतात, म्हणून धांदरट माणसाने टॅक्सिडर्मीऐवजी इकडे वळावं. दोन गोष्टी मात्र टाळा. हाडं उकळू नका, चरबी आत मुरते आणि पुढे पिवळे डाग उमटतात. ब्लीच वापरू नका, हाड ठिसूळ होऊन भुरभुरतं. साधा मार्ग म्हणजे पाण्यात बुडवून मांस आपोआप कुजू देणं, मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढणं, शेवटी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवणं. चरबी काढायलाच कधीकधी महिने जातात. आणि वास! पाणी बदलण्याचा दिवस शेजाऱ्यांनाही कळतो. संग्रहालयं हेच काम डर्मेस्टिड नावाच्या मांसखाऊ भुंगेऱ्यांकडून करून घेतात. घरी ते पाळणं मी तरी सुचवणार नाही, कारण निसटले तर लोकरी कपडे आणि बाकीचा संग्रहही खातात.

हाडं असोत वा पिसं, मिळाली कुठून हे महत्त्वाचं. रस्त्यात सापडलं म्हणजे आपलं झालं असं नाही. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्यामुळे बहुतेक स्थानिक पक्ष्यांचं गळून पडलेलं पीसही बाळगता येत नाही. आपल्याकडचा नियम आधी पाहावा.

किडे टाचणं हा सगळ्यांत सोपा प्रवेश. वाळलेला किडा दमट डब्यात मऊ करायचा, फुलपाखराच्या छातीतून आणि भुंगेऱ्याच्या उजव्या पंखकवचातून टाचणी घालायची, पंख पसरून आठवडा-दोन आठवडे वाळवायचा. वास नाही, पसारा नाही, पाहुणेही कौतुक करतात. भयाच्या शोधात असाल तर मात्र निराश व्हाल. संग्रहाला उन्हापासून जपावं लागतं, आणि मेलेल्या किड्यांना खाणाऱ्या जिवंत किड्यांपासूनही. राणी अलेक्झांड्राच्या नावाचं मोठं फुलपाखरू आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहे. ते कुणी विकत असेल तर दूरच राहा.

फॉर्मॅलिन या रसायनात नमुने बुडवून ठेवायच्या बरण्या या आढाव्यात नाहीत. त्याची वाफ कर्करोगाला कारण ठरते, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते काम होऊ नये.

आता एकही मृत शरीर न लागणारा पर्याय. फ्रान्सिस ग्लेसनर ली या अमेरिकन बाईंनी १९४० च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी संशयास्पद मृत्यूंचे देखावे बनवले, एका फुटाला एक इंच या मापाने. बाहुलीचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. मृतदेहाचा बदललेला रंगही अचूक दाखवला. त्यांतले अठरा देखावे बाल्टिमोरमध्ये अजून प्रशिक्षणासाठी वापरले जातात, म्हणून उत्तरं जाहीर करत नाहीत. सुतारकाम, शिवणकाम, रंगकाम सगळं येणाऱ्याला हा छंद पुरून उरेल. फक्त, बाहुलीच्या मानेभोवती दोरी बांधताना तुम्ही त्या माणसाची अख्खी गोष्ट रचत असता, आणि काम संपलं तरी ती डोक्यातून जात नाही.

सगळ्यात स्वच्छ, आणि माझ्या लेखी सगळ्यात अस्वस्थ करणारं, केसांचं काम. राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट गेल्यावर त्याचे केस लॉकेटमध्ये जपले. त्या काळात मृताच्या केसांच्या साखळ्या, ब्रोच, तारेवर गुंफलेली फुलं घरोघरी होत. सराफाकडे दिले तर दुसऱ्याचेच केस परत येतील, ही धास्ती असल्याने बायका स्वतःच करायला शिकत. केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढायचा, लांबीप्रमाणे बटा करायच्या, प्रत्येक बटेला वजन लावून मधोमध भोक असलेल्या गोल टेबलावर त्या एकमेकींवरून फिरवत जायच्या. केस कुजत नाहीत आणि चमक टिकते, त्यामुळे शंभर वर्षांनीही ती वेणी कालच कापल्यासारखी वाटते. हत्यारं फार नाहीत, जागा थोडी, खर्च किरकोळ. तरी गेलेल्या माणसाची बट घेऊन सुरुवात करू नका. पहिल्या वेण्या तुटतात, गुंता होतो, आणि ती बट पुन्हा मिळणार नसते. आधी घोड्याचे किंवा स्वतःचे लांब केस घेऊन हात बसवा.