अकरावीनंतर परराज्यात बदली: मुलाला सोबत न्यावं की मागे ठेवावं?

आमच्याकडे हा पेच नाशिक-बंगळूरू असा पडला. नोकरी खासगी, लेक अकरावी सायन्स संपवत होती. घेतलं होतं पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी. म्हणजे इंजिनिअरिंग की मेडिकल हे तिचंच ठरत नव्हतं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं.

सोबत नेण्याच्या बाजूने बरंच काही आहे. बारावीच्या वर्षी पोरं रात्री उशिरापर्यंत जागतात, चिडतात, मध्येच रडतात. मावशीकडे ठेवलं तर मावशी दूध गरम करून देईल, पण मावशीवर मनसोक्त चिडता येत नाही. आईवर येतं. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

शिवाय फक्त इंजिनिअरिंगच करायचं असं पक्कं असेल, तर नेण्यात फारसं काही बुडत नाही. आयआयटीला राज्याचा कोटा नाही, बिट्सलाही नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांना, आणि राज्य ठरतं बारावी कुठून पास झालात त्यावर. म्हणजे नागपूरची एनआयटी (व्हीएनआयटी) परकी झाली तरी कर्नाटकातली सुरतकलची घरची होते. काहींना हा सौदा फायद्याचाच वाटेल. महाराष्ट्राच्या कॅपमध्येही (इंजिनिअरिंगची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) आई-वडिलांच्या डोमिसाइलवर, म्हणजे राज्याच्या रहिवासी प्रमाणपत्रावर, 'टाइप बी' म्हणून दार उघडं राहतं.

कागदपत्रांची कटकट दोन्हीकडे गृहीत धरा, पण नेलंत तर जास्त. परराज्यात जाताना शाळा-कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी लागते. सीबीएसईत थेट बारावीला शिरायचं तर बदलीचा पुरावा आणि बोर्डाची परवानगी. कर्नाटकच्या पीयूत, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीत, दोन भाषा असतात. आपल्याकडे दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतलेलं पोर तिथे अडकतं. आमच्या लेकीचं आयटीच होतं. तरी हे सगळं खेटे घालून निभावतं.

निभावलं नसतं ते मेडिकलचं. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वहीत दोन रकाने आखले, एक महाराष्ट्र, एक कर्नाटक. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात. त्यासाठी डोमिसाइल तर हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात. आमची दहावी नाशिकची, बारावी बंगळूरूची झाली असती. रकान्यात फुली. कर्नाटकात तिथलं मूल ठरायला सर्वसाधारणपणे पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं तिथे शिकलेलं असावं लागतं. आमचं झालं असतं एक. तिथेही फुली. उरल्या अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांतल्या बाहेरच्यांसाठी खुल्या जागा. त्यांची फी बघून मी वही मिटली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि तेही एका वर्षापायी! दहा वर्षं एका राज्यात शिकलेल्या मुलाला शेवटच्या वर्षामुळे दोन्ही राज्यांनी परकं मानावं, हे मला आजही पटत नाही. पण नियम तसा आहे.

बदली राज्यातल्या राज्यात असेल तर एवढं घाबरू नका. मेडिकलचा ७०:३० हा विभागवार कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाला. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये मात्र गृह विद्यापीठ, म्हणजे ज्याच्या कॉलेजांत तुम्हाला स्थानिक धरलं जातं ते, बारावीच्या ठिकाणावर ठरतं. नाशिकहून पुण्याला गेलात तर विद्यापीठ तेच राहतं, नागपूरला गेलात तर बदलतं. सैन्यातल्या आणि सरकारी नोकरीतल्या पालकांना काही सवलती आहेत, त्यांनी आपापलं कलम नीट वाचावं. आणि नियम दर वर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय दाखला काढू नये.

आम्ही मागे ठेवलं. स्वस्तात पडलं असं नाही. दोन घरांचा खर्च, बायकोच्या सततच्या फेऱ्या, आणि प्रिलिममध्ये फिजिक्स घसरलं तेव्हा फोनवरून समजूत काढणं, जे मला मुळीच जमत नाही. ज्यांच्या मुलाचा जीव घराबाहेर रमत नाही, त्यांनी कोट्यासाठी त्याला मागे ठेवावं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मेडिकलचा विचार दहा टक्के जरी शिल्लक असेल, तर मला विचाराल तर बारावी इथेच करू द्या.

लेकीचं एमबीबीएस थोडक्यात हुकलं. आता ती सरकारी कॉलेजात बीएएमएस करतेय, राज्याच्या कोट्यातून. तिथेही दहावी-बारावीचा नियम हाच होता.