यवतेश्वरच्या घाटात रोलर स्की: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गुलमर्गचा प्रशिक्षणवर्ग करून आलेल्या माझ्या 17 वर्षांच्या मुलीने क्रॉसकंट्री स्कीइंगमध्येच (बर्फाच्या सपाट व चढउताराच्या वाटेवर स्कीवरून लांब अंतर कापण्याच्या खेळात) पुढे जायचे ठरवले, तेव्हा साताऱ्यात राहून या खेळाचा सराव करायचा कसा, हा प्रश्न घरात उभा राहिला. बर्फ वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळणार. उरलेल्या काळासाठी रोलर स्की, म्हणजे दोन्ही टोकांना चाके लावलेल्या सुमारे 70 सेंटिमीटरच्या पट्ट्या, घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पट्ट्या, बाइंडिंग (बूट पट्टीला जोडणारी पकड), बूट आणि काठ्या मिळून पन्नास हजारांच्या आसपास खर्च आला, आणि तो वाया गेला नाही, असे मी आज खात्रीने म्हणू शकतो.

बर्फाबाहेरच्या सरावाचे महत्त्व आम्हाला दोन खेळाडूंकडे पाहून पटले. नॉर्वेची क्रॉसकंट्री स्कीपटू मारित ब्योर्गेन हिने 2002 ते 2018 या काळात पाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये 15 पदके मिळवली, त्यांतली 8 सुवर्ण. वयाच्या 37 व्या वर्षी प्योंगचांगला 30 किलोमीटरची तिची अखेरची ऑलिंपिक शर्यत तिने पावणेदोन मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. तिच्या ऐन भरातल्या वर्षांत ती वर्षाला 900 तासांहून अधिक सराव करत असे, त्यातला बहुतांश संथ गतीचा, आणि मोठा वाटा बर्फाबाहेर, धावण्याचा व रोलर स्कीचा. शिवाय कर्नाटकातल्या कोडगूसारख्या बर्फ न पडणाऱ्या भागातून आलेल्या भवानी टी. एन. हिने खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली आहेत, हे आमच्या घरात वारंवार बोलले जाते.

पहाटे साडेपाचला बोगद्यापासून चढ सुरू होतो. काठीचे टोक डांबरावर टक्‌ वाजते, मागचा पाय रेटा देतो, पुढची पट्टी दोन-तीन हात सरकते आणि पुन्हा टक्‌. दम टिकवण्यासाठी आणि दंड, पाठ, पोट यांना एकाच वेळी कामाला लावण्यासाठी याहून चांगले साधन मी पाहिलेले नाही. पूर्वी केवळ धावणाऱ्या मुलीचे खांदे तीन महिन्यांत भरले.

मात्र एक दोष गंभीर आहे. क्लासिक प्रकारच्या (दोन्ही स्की समांतर ठेवून सरळ पुढे सरकण्याच्या) या जोडीचे मागचे चाक उलट फिरत नाही, त्यामुळे रेटा कसाही दिला तरी तो लागू पडतो. बर्फावर तसे होत नाही; शरीराचा भार नेमक्या क्षणी पूर्णपणे एका पायावर आला नाही, तर स्की मागे घसरते. चाकांवर ही चूक कळतच नाही आणि अंगवळणी पडते. म्हणून आठवड्यातून दोनदा आम्ही पट्ट्या घरी ठेवतो आणि ती फक्त काठ्या घेऊन अजिंक्यताऱ्याचा चढ उड्या घेत चढते.

काठ्यांच्या बाबतीत विक्रेत्याने निष्काळजीपणा केला. क्लासिक प्रकारात काठीची लांबी बुटांसह उंचीच्या 83 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. मुलगी 162 सेंटिमीटरची, म्हणजे काठी फार तर 135 ची हवी होती, आणि पाठवली 145 ची. बदलून मिळायला पाच आठवडे लागले, आणि तोवरचा ऐन सराव हुकला. काठ्यांची कार्बाइडची टोके आमच्या खडबडीत रस्त्यावर लवकर बोथट होतात व घसरू लागतात. साध्या कानशीने त्यांना धार येत नाही, हिऱ्याची कानस लागते, ती खरेदीतच मागून घ्यावी. पावसाळ्यात चाकांत चिखल जातो, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर ती पुसून कोरडी करणे भाग आहे.

या पट्ट्यांना ब्रेक नाहीत, हे नवख्या पालकांनी नीट ध्यानात घ्यावे. घाट फक्त चढण्यासाठी वापरावा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तोही नको, कारण वळणावर समोरून येणाऱ्या गाडीला चुकवायला वाव राहत नाही. आम्ही वर पोहोचलो की ती बूट बदलते, पट्ट्या मांडीवर आडव्या न ठेवता उभ्या बांधते, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून खाली येते.