लाल कापडी हिशोबाची वही, रोजनिशी म्हणून: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रविवार पेठेत वही घ्यायला गेले, तर दुकानातल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पूजेला हवीय की लिहायला?" हिशोब सगळे संगणकावर गेले, त्यामुळे लाल चोपडी आता बहुतेक जण पूजेपुरतीच नेतात. हळद-कुंकू वाहायचं, पहिल्या पानावर 'श्री' काढायचा आणि वर्षभर कपाटात ठेवायची. लिहायला हवी म्हटल्यावर त्यांनी समोरचा गठ्ठा बाजूला केला आणि वरच्या फळीवरची दुसरी काढून दिली. २०० पानी, लांबट, लाल कापडाचा पुठ्ठा, पांढऱ्या दोऱ्याची शिलाई. १८० रुपये. पाडव्याला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, मी तिच्यात पहिली ओळ लिहिली. आता आषाढ चालू आहे आणि १४३ पानं भरली आहेत.

याआधी मी तारखा छापलेल्या डायऱ्या वापरत असे. दर जानेवारीत सुरू, मार्चमध्ये बंद. आता कळतं, की छापील डायरी प्रत्येक दिवसाला सारखंच एक पान देते आणि दिवस काही सारखे नसतात. चार दिवस कोरे गेले की ती पानं डोळ्यांना टोचत राहतात. या वहीत तसं होत नाही. डिसेंबरातले नऊ दिवस एका पानात बसलेत, आणि आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या एका दिवसाने चार पानं घेतलीत.

वही आणली त्या रात्री बसून सगळ्या पानांवर क्रमांक घातले. बाबांची सवय. ते भवानी पेठेत एका भुसार दुकानात दिवाणजी होते. त्यांचे नियम मला लहानपणापासून पाठ आहेत: कीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, पान फाडायचं नाही. मध्ये कोरी जागा सोडायची नाही, उरलीच तर तिरकी रेघ मारायची. चुकलं तर गिरवायचं नाही, खोडायचं नाही. आडवी एकच रेघ, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. मन मोकळं करायच्या वहीला हे नियम लावायचे का, यावर मी दोन दिवस घालवले. मग लावले, आणि या वहीचा खरा उपयोग तिथून सुरू झाला.

'रोजनिशी' म्हटलं की आपल्याला मनातलं लिहायची वही आठवते. पेशवाईत मात्र तो दप्तराचा शब्द होता. कोणाला इनाम दिलं, कोणत्या गावाला सूट दिली, कोणाला काय हुकूम गेला, हे दिवसवार टिपलेलं असे. गणेश चिमणाजी वाडांनी त्यातून निवडलेले उतारे पुढे छापून निघाले. त्यानंतर रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. रुमालांत बांधलेले ते मूळ मोडी कागद आजही पुण्यात आहेत. त्यात कोणी मन मोकळं करत नाही, पण नुसत्या नोंदींतून माणसं दिसतात. मीही तसंच लिहायला लागले. कोण आलं, काय आणलं, किती खर्च झाला, कोणाशी काय बोलणं झालं. मनातलं त्यामागून आपोआप येतं. आधी मनातलंच लिहायला बसायचे, तेव्हा चार ओळींत आटपायचं.

आता कागद. मिलचा आहे, जरा पातळ. बारीक निबचं शाईपेन चालतं, मध्यम निब लावलं की शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते. जुन्या हातकागदाला आधी खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणून त्यावर बोरूची ओली शाई फुटत नसे. कसब्यातल्या कागदीपुऱ्यात असा कागद करणारे कारागीर होते. मिलच्या स्वस्त कागदापुढे तो धंदा गेला, वस्तीचं नाव उरलं. गांधीजींच्या प्रेरणेने शिवाजीनगरला १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली, ती ही विद्या टिकावी म्हणूनच. घोटीव कागदाचं सुख या वहीत मागू नका. १८० रुपयांत ते येणार नाही.

तरी मी तिच्यात शाईपेन वापरत नाही, आणि त्याला कारण कागद नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा आमचं घर नारायण पेठेत तळमजल्यावर होतं. आजोबांच्या वह्यांची पेटी दोन दिवस गाळात होती. त्यातली एक वही आज माझ्याकडे आहे. पुडीच्या निळ्या शाईने लिहिलेली पानं उघडली की नुसते फिकट निळे ढग दिसतात, एक अक्षर लागत नाही. आणि त्याच वहीत मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेला वाण्याचा हिशोब आण्या-पैशासकट वाचता येतो. साधी रंगाची शाई पाण्यात विरघळते; पेन्सिलीचं शिसं विरघळत नाही, काजळाची शाईही सहसा नाही. मी स्वतः करून पाहिलं. शेवटच्या पानावर तीन ओळी लिहिल्या, शाईपेन, जेलपेन आणि एचबी पेन्सिल, आणि प्रत्येकीवर पाण्याचा थेंब सोडला. शाईपेनची ओळ मिनिटभरात पसरली. जेलपेनची कडेने धूसर झाली. पेन्सिलीची होती तशी राहिली. तेव्हापासून पेन्सिल.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना सुटे कागद आणि शाई मिळत नसे. पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिली, एवढंच. 'गीतारहस्या'चा मसुदा त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात तसाच लिहिला. पानं मोजली होती ती त्यांच्यावर पाळत ठेवायला. पण ज्या वहीतून पान काढता येत नाही तिच्यात माणूस वेगळं लिहितो, हे मला या आठ महिन्यांत पटलं.

कारण मी एक पान फाडलं. मार्चमध्ये दादाशी घराच्या वाटणीवरून वाजलं. रात्री रागाने भरभरून लिहिलं आणि सकाळी वाचून लाज वाटली म्हणून पान ८७ ओढून काढलं. शिवलेली वही कशी असते ते आधी सांगते. मोठे कागद मध्ये दुमडून, एकात एक घालून, घडीवर दोरा घेतलेला असतो. म्हणजे प्रत्येक पानाचं दुसरं अर्धं घडीच्या पलीकडे असतं. एक ओढलं की दुसऱ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. पंधरा दिवसांनी रिक्षात वही उघडली आणि पान ७४ मांडीवर पडलं. आईच्या डोळ्यांत कोणते थेंब किती वाजता घालायचे, याचा तक्ता होता त्यावर. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून, पट्टी लावून ते परत बसवलं. आता तिथे वही नीट मिटत नाही. वहीच्या दृष्टीने दोष म्हणाल तर तो माझा आहे. आणि त्या रात्री दादाला मी नेमकं काय म्हटलं होतं, ते आता मलाही सांगता येत नाही. पुढे वाटणीचं बोलणं पुन्हा निघालं, तेव्हा ते पान हवं होतं.

खरी तक्रार रंगाची. जूनच्या पहिल्या पावसात पिशवी भिजली आणि पुठ्ठ्याचा लाल रंग कुर्त्याच्या बाहीला लागला. दोन धुण्यांनंतरही गेला नाही. दुकानात सांगितलं तर "लाल आहे, सुटणारच" एवढंच उत्तर मिळालं. व्यापाऱ्याच्या गादीवर राहणारी वस्तू रोज पिशवीतून फिरवायची तर पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी हवीच. घरी कपाटात कसर लागू नये म्हणून शेजारी वेखंडाचा तुकडा ठेवते.

घ्यायची असेल तर दुकानात मधोमध उघडून पाहा. घडीत दोरा दिसला पाहिजे. नुसता गोंद दिसला तर घेऊ नका. आणि पूजेची नको म्हणून सांगा. त्यातला कागद बऱ्याचदा अगदीच तकलादू असतो.

मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातून आले तर वही टेबलावर उघडी होती आणि आई वाकून लिहीत होती. पान १४१. महिन्याचं दूध, रोज दीड लिटर, मधले चार खाडे, पेन्सिलीने, तिच्या गोल अक्षरात. शस्त्रक्रियेआधी वर्षभर तिने आकडे लिहिणं सोडून दिलं होतं. बेरजेत चाळीस रुपये चुकले होते. तिचं तिलाच कळलं, तेव्हा तिने खोडरबर शोधला नाही. आडवी एक रेघ मारली आणि खाली बरोबर रक्कम लिहिली.